धुळ्याचे व्याही आणि लीलाधरभाऊंचा फवारा

“आगीची काय बिशाद आहे माझ्या गोदामात शिरायची! शिरलीच, तर आंघोळ करूनच बाहेर पडेल!”

एकोणीसशे सत्तरच्या उन्हाळ्यात जळगावात लीलाधर भारंबे ज्याला ज्याला भेटले, त्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलं होतं. काहींनी दोनदा. ज्यांना रस्ता बदलणं जमलं नाही त्यांनी रोज!

लीलाधरभाऊ म्हणजे भंवरलाल शेठजींच्या जीनचे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे मॅनेजर. मूळचे सावद्याचे. घरची केळी भावांनी सांभाळली आणि हे कापसात शिरले. माणूस कामाला चोख, पण एक खोड होती. एखादी गोष्ट आपल्याला समजली की ती दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. आणि आदल्या हिवाळ्यात त्यांना फारच मोठी गोष्ट समजली होती. विमेवाल्यांच्या आग्रहामुळे शेठजींनी रुईच्या गाठींच्या गोदामात आग विझवणारे फवारे बसवून घेतले होते. छताखाली नळांचं जाळं, आणि त्या नळांना जागोजाग खाली तोंड करून लटकलेल्या पितळी तोट्या. बसवायला मुंबईहून इंजिनियर आला होता. तो शिडीवर चढला की लीलाधरभाऊ शिडी धरून उभे. तो जेवायला बसला की हे समोर पाट घेऊन हजर. इंजिनियर परत गेला तेव्हा टाकी पाण्याने गच्च भरली होती आणि लीलाधरभाऊ माहितीने. फरक एवढाच, की टाकीला झाकण होतं!

मग काय विचारता! न्हाव्याकडे दाढीचा साबण तोंडाला असताना ते तोट्यांविषयी बोलायचे. एकदा तर कुणाच्या तरी अंत्ययात्रेला गेले असताना, सरण पेटल्यावर शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले, “ही एवढी धग लागली ना, की तोटी सुटलीच म्हणून समजा!” त्या माणसाने मयताच्या मुलाकडे बघितलं आणि तो गुपचूप दोन पावलं सरकून उभा राहिला.

त्याच उन्हाळ्यात शेठजींच्या मुलीची, चंदनबालाची, सोयरीक धुळ्यात ठरत आली. मुलगा अभयकुमार. मुलाचे वडील प्रकाशचंदजी धुळ्यातले तेलाचे व्यापारी. घराणं मोठं, माणूस करारी. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं होतं ते आता हयात नव्हते, असं लोक म्हणत. सगाईला ते सगळं कुटुंब घेऊन जळगावला यायचे होते. नारळ हातात पडला की सोयरीक पक्की. तोवर सगळं अधांतरी!

प्रश्न उभा राहिला, पाहुण्यांना बसवायचं कुठे? वैशाखातलं जळगाव! कौलावर पापड टाकला तर भाजून निघावा. मांडवात पाहुणे बसवले तर सगाईऐवजी सांत्वनालाच बोलावल्यासारखं व्हायचं. तेव्हा लीलाधरभाऊच म्हणाले, “शेठजी, गोदाम! हंगाम संपलाय, एक गाठ शिल्लक नाही. दगडी भिंती, आत कसं गार असतं. झाडून सारवून घेतो, गाद्या टाकतो. राजवाडा होईल!”

शेठजींना पटलं. शेठाणी लाडकुंवर यांना पटलं नाही.

“त्या नळांच्या खाली?” त्या म्हणाल्या. “कुणी विडी ओढली, उदबत्ती लावली, आणि सगळे नळ एकदम सुटले तर? माझ्या पोरीची सगाई आहे, रंगपंचमी नाही!”

लीलाधरभाऊंचा चेहरा खुलला. समजावून सांगायची संधी दारात चालून आली होती!

“शेठाणीसाहेब, तिथेच तर लोक चुकतात! धुराने काही होत नाही. धूर किती का करा, तोटीला त्याचं सोयरसुतक नाही. तिला कळते फक्त धग. प्रत्येक तोटीच्या तोंडाशी काचेची एवढीशी नळी बसवलीय, करंगळीपेक्षा बारीक. तिच्यात लाल पाणी असतं. ती नळी म्हणजे बूच! तिने पाणी अडवून धरलेलं असतं. खाली आग लागली की धग वर जाते, आतलं लाल पाणी फुगतं, नळी तडकते, बूच निघतं आणि पाणी धो धो! माणूस लागत नाही, बटण लागत नाही!”

“अहो, पण सगळ्या एकदम...”

“छे छे! जिच्याखाली आग तीच सुटणार. बाकीच्या जागच्या जागी गप्प. एका सुनेला ताप आला म्हणून सगळ्या सुना काय अंथरूण धरतात?”

लाडकुंवरबाईंना चार सुना होत्या. “धरतात,” त्या म्हणाल्या. पण शेठजी हसले आणि गोदाम ठरलं.

शेठजींनी मग लीलाधरभाऊंना बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. “प्रकाशचंदजींची तेलाची गिरणी तीन वर्षांमागे जळून खाक झाली. आता नवी बांधतायत. आपल्या फवाऱ्यांचं त्यांच्या कानावर गेलंय. त्यांना दाखवा जरा नीट.”

दाखवा जरा नीट! हे म्हणजे भुकेल्याला ‘जेवून घ्या’ म्हणण्यासारखं होतं. लीलाधरभाऊंना दोन दिवस झोप लागली नाही.

सगाईच्या दिवशी दुपारी गोदाम खरोखरच राजवाड्यासारखं दिसत होतं. पांढऱ्याशुभ्र चादरी, लोड, गुलाबपाणी, आंब्याच्या पानांची तोरणं. फक्त उजेड नव्हता. रुईच्या गोदामात विजेचे दिवे घ्यायचे नाहीत असा नियम, आणि खिडक्या नावालाच. म्हणून मांडववाल्या लोटनने गॅसबत्त्या आणल्या होत्या. लोटन अमळनेरकडचा, बोलणं ठसठशीत अहिराणी.

“कोठे टांगू भाऊ?”

लीलाधरभाऊंनी मुख्य बैठकीकडे पाहिलं. तिथे प्रकाशचंदजी बसणार. त्यांनी लोडाला टेकून मान वर केली की बरोबर डोक्यावर एक तोटी. पण अंधारात तिच्यातली ती लाल नळी दिसणार कशी? सगळा डौल त्या लाल थेंबात होता!

“ही बत्ती इथे. नळावरून दोरी टाक आणि खेच वर. अजून वर. अजून! हां, अगदी तोटीच्या खाली!”

“इतलं वर?” लोटन म्हणाला. “मंग खाले उजेड कसा पडी भाऊ? लोके जेवतील का छत दखतील?”

“छतच दाखवायचंय त्यांना!”

“तुमनी मर्जी,” म्हणून लोटनने गाठ मारली. तोटीतली नळी माणकासारखी लखलखू लागली. लीलाधरभाऊ चार पावलं मागे सरून, मान तिरपी करून, स्वतःच्याच लग्नातल्या नवरीकडे पाहावं तसे तिच्याकडे पाहत राहिले.

पाहुणे आले. धुळ्याहून भर उन्हात मोटारीने येता येता सगळ्यांची भरली वांगी झाली होती. पुढे प्रकाशचंदजी, पांढरं धोतर, पांढरा कोट, डोक्यावर केशरी पगडी. मागे अभयकुमार, आणि त्याच्या खांद्याचा आधार घेत त्याची आजी पानबाई. पानबाईंना ऐकू कमी यायचं, पण घरात शेवटचा शब्द त्यांचाच. गोदामात पाऊल टाकताच त्या म्हणाल्या, “हा, गार आहे.” लाडकुंवरबाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

मंडळी स्थिरावली. सरबत झालं. एका बाजूला बायकांमध्ये चंदनबाला खाली मान घालून बसली. शेठजींनी लीलाधरभाऊंना खूण केली.

लीलाधरभाऊ उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी खाकी पँट सोडून नवं करवतकाठी धोतर आणि कोट चढवला होता. घसा खाकरला.

“प्रकाशचंदजी, जरा मान वर करा. ती लाल नळी दिसते?”

“दिसते.”

“ती आमची पहारेकरी! न झोपणारी, न जेवणारी, पगार न मागणारी!”

लोक हसले. प्रकाशचंदजी हसले नाहीत. लीलाधरभाऊ रंगात आले. उंच टाकी, तिथून येणारा पाण्याचा जोर, नळात सदैव उभं असलेलं पाणी, तोटीखालची दातेरी चकती, तिच्यावर आपटून छत्रीसारखं पसरणारं पाणी... आणि पाणी वाहू लागलं की त्याच्याच जोराने बाहेरची पितळी घंटा कशी वाजते, तेही! सगळं हातवारे करून सांगितलं. वर बत्ती सुं सुं करत होती. खाली लीलाधरभाऊही तसेच.

प्रकाशचंदजींनी मान वर ठेवूनच विचारलं, “मॅनेजरसाहेब, हे सगळं झालं सांगणं. तुम्ही स्वतः ही नळी फुटताना कधी पाहिलीय?”

लीलाधरभाऊ जरा अडखळले. “नाही. म्हणजे अजून तशी वेळ... पण माझ्यावर विश्वास ठेवा, वेळ आली की ही नळी...”

फट्!

पहिल्यांदा आवाज झाला. मग वरून पडलेल्या पहिल्या थेंबांनी बत्तीची काच तडकली, बत्ती फुस्सकन विझली. आणि मग पाणी आलं. पण ते पाणी होतं असं म्हणवत नाही! हिवाळ्यापासून लोखंडी नळात मुरलेलं, काळंकुट्ट, गंजाच्या वासाचं! ते छत्रीसारखं पसरलं, अगदी सांगितल्याबरहुकूम, आणि त्या छत्रीच्या मधोमध प्रकाशचंदजी!

“ओ कांई हुयो!” भंवरलाल शेठजी ओरडले. इतक्या वर्षांत त्यांनी ऑफिसच्या माणसांसमोर मारवाडीत तोंड उघडलं नव्हतं.

बायका किंचाळल्या. कुणी सरबताची पातेली घेऊन पळालं, कुणी पातेल्यात पाय घालून पळालं. बाहेर ठणाठणा घंटा वाजू लागली. इतका गोंधळ पानबाईंना ऐकू आला नाही, पण ती घंटा मात्र ऐकू आली. त्यांनी भिजल्या पदराने दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि आरती समजून भक्तिभावाने डोलू लागल्या.

“बंद करा! लीलाधर, बंद करा!”

लीलाधरभाऊ बाहेर धावले. गोदामाच्या भिंतीलगत पाण्याचं मोठं चाक होतं. ते फिरवलं की पाणी बंद. पण कुणी खोडसाळपणे फिरवू नये म्हणून त्या चाकाला साखळी आणि साखळीला कुलूप घातलेलं. किल्ली लीलाधरभाऊंपाशी. ती ते कुणाच्या हाती देत नसत, हा त्यांचा अभिमान! त्यांनी खिशात हात घातला. कोटाच्या डाव्या, मग उजव्या, मग आतल्या. आणि मग त्यांना आठवलं, की किल्ली खाकी पँटच्या खिशात आहे आणि खाकी पँट मेहरूणला घरी खुंटीवर आहे.

“लोटन!” त्यांनी टाहो फोडला. “हातोडा आण!”

लोटन मांडवाच्या खुंट्या ठोकायचा घण घेऊन आला. “काय व्हयनं भाऊ? कोनले मारनं शे?”

“कुलूप फोड, कुलूप!”

लोटनने पहिला घाव घातला तो नेमका शेजारच्या घंटेवर बसला. ती अजूनच ठणाणली. एवढ्यात फाटकातून दुसरी घंटा ऐकू आली. गोदामाची घंटा ऐकून शेजारच्या जीनवाल्याने नगरपालिकेला टेलिफोन केला होता, आणि लाल रंगाचा बंब आपल्या लवाजम्यासह आत शिरत होता! त्याच्यावरून जमादार जीवरामने उडी मारली. वर्षानुवर्षं आग विझल्यावर पोचणारा हा बंब पहिल्यांदाच वेळेवर आला होता. जीवरामची छाती फुगलेली.

“आग कुठे आहे?”

“आग नाही हो!” लीलाधरभाऊ हात जोडून म्हणाले.

“मग घंटा का वाजतेय?”

“पाणी पडतंय म्हणून.”

“पाणी का पडतंय?”

“धग लागली म्हणून.”

“म्हणजे आग आहे!”

“नाही हो! ती बत्तीची धग होती!”

“बत्ती कुठे आहे?”

“विझली!”

जीवरामने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं धुरात घुसमटलेल्या माणसाकडे पाहतात. “यांना सावलीत बसवा रे,” तो माणसांना म्हणाला. तेवढ्यात त्याची नजर गोदामाच्या मागे गेली. तिथून धुराचा लोट वर जात होता!

“तो बघा! चला!”

“जीवरामभाऊ, नको! तिथे आचारी...”

पुढचं वाक्य पाण्यात बुडालं. मागच्या अंगणात आचाऱ्याने भल्यामोठ्या चुलवणावर दाल चढवलेली. आजूबाजूला भाज्यांची पातेली. बंबाच्या पाण्याचा लोळ आला तो थेट चुलवणावर. राख उडाली, निखारे फसफसले, दालीची नदी झाली, आणि आचारी झारा घेऊन कडुलिंबाच्या झाडावर चढला तो उतरायला तयार होईना. “विझली!” जीवरामने आरोळी दिली. त्या सबंध आवारातली एकुलती एक खरी आग त्याने विझवली होती, हे मात्र मान्य करायला हवं.

त्याच वेळी इकडे कुलूप तुटलं. लीलाधरभाऊंनी चाक गरगर फिरवलं. पाणी थांबलं. घंटा थांबली. आणि अशी शांतता पसरली, की छतावरून ठिबकणारा एकेक थेंब ऐकू येत होता.

आपला पाय गोदामात टाकायला लीलाधरभाऊंना सगळं बळ गोळा करावं लागलं. आत बाकीच्या चार बत्त्या अजून जळत होत्या. बैठकीच्या मधोमध प्रकाशचंदजी तसेच बसलेले. उठलेच नव्हते! पगडीतून काळ्या पाण्याच्या धारा नाकावरून मिशीत, मिशीतून कोटावर. शेठजी त्यांच्यासमोर हात जोडून उभे. लाडकुंवरबाईंनी तोंडावर पदर घेतला होता. पोरीची सोयरीक मोडली! धुळ्यात बभ्रा होणार, खानदेशभर होणार!  नोकरी गेली तरी चालेल, लीलाधरभाऊंना वाटलं, पण त्या पोरीकडे कसं पाहायचं?

त्यांनी पाहिलं. चंदनबाला ओठ घट्ट मिटून बसली होती. गाल फुगले होते, खांदे हलत होते. रडतेय बिचारी! आणि मग ते तिला आवरलं नाही. पाण्याने भरलेला फुगा फुटावा तशी ती हसली. खळखळून! लगेच दोन्ही हात तोंडावर घेतले, पण उशीर झाला होता. अभयकुमारने मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच सरळ बघितलं. आणि त्याच्याही तोंडावर हसू आलं ते जाईना.

“मॅनेजरसाहेब,” प्रकाशचंदजी बोलले.  “बाकीच्या का नाही फुटल्या?”

“जी?”

“बाकीच्या तोट्या. ही एकच का फुटली?”

आयुष्यात पहिल्यांदा लीलाधरभाऊंनी थोडक्यात सांगितलं. “धग फक्त हिलाच लागली. मीच बत्ती तिच्याखाली टांगायला लावली. तुम्हाला नीट दिसावी म्हणून. चूक माझी.”

प्रकाशचंदजी उठले. ओल्या चादरीवरून चालत निघाले. काळ्या पाण्याचं गोल वर्तुळ जिथे संपत होतं तिथे ते थांबले. खाली वाकून पलीकडच्या गादीला हात लावला. कोरडी! त्यापुढची गादी, तीही कोरडी.

“आमच्या गिरणीत,” ते कुणाकडेच न बघता म्हणाले, “आग एका कोपऱ्यात लागली होती. सुपाएवढी. माझ्या भावाने घागर आणायला माणूस पाठवला. घागर येईपर्यंत छप्पर पेटलं. माणसं वाचली, तेवढंच. मी रोज हाच विचार करतो, की त्या सुपाएवढ्या आगीवर त्याच घडीला कुणीतरी पाणी टाकलं असतं तर!”

 मग प्रकाशचंदजींनी डोक्यावरची पगडी काढली आणि पिळली. तिच्यातून इतकं पाणी निघालं, की ते स्वतःच बघत राहिले. आधी त्यांची मिशी हलली. मग पोट. आणि मग तो करारी माणूस असा हसू लागला, की त्याला धरायला अभयकुमार धावला!

“भंवरलालजी,” हसता हसता ते म्हणाले, “माल दाखवणारे पुष्कळ पाहिले. ग्राहकाच्या अंगावर ओतून दाखवणारा हा पहिला! नारळ आणा! ही सोयरीक पक्की, आणि धुळ्याच्या नव्या गिरणीत हेच फवारे!”

 शेठजींनी प्रकाशचंदजींना मिठी मारली, आणि आपलाही पांढरा कोट काळा करून घेतला. नारळ आला, गूळ वाटला गेला. दाल गेली, भाज्या गेल्या, पण पुऱ्या आधीच तळून ठेवल्या होत्या आणि आमरसाची पातेली घट्ट झाकलेली होती. दोन्ही घरं जैन, सूर्यास्ताच्या आत जेवणं व्हायला हवी होती, म्हणून बाहेर लिंबाच्या सावलीतच पंगत बसली. त्याच लिंबावरून आचाऱ्याला विनवण्या करून उतरवलं. जीवराम आणि त्याची माणसंही पंगतीला बसली. भिजलेल्या कपड्यांवरून वारा गार लागत होता. धुळ्याची मंडळी म्हणाली, अख्ख्या वैशाखात असं सुखाचं जेवण झालं नाही!

लीलाधरभाऊ वाढत होते. शेठजींनी येता जाता दोनदा त्यांची पाठ थोपटली. लाडकुंवरबाईंनी थोपटली नाही, पण ताटात स्वतःच्या हाताने आमरस वाढला. अभयकुमारने तोटीविषयी काही विचारलं तेव्हा लीलाधरभाऊंचा आवाज हळूहळू पूर्वपदावर आला. पंगत उठेपर्यंत तर त्यांना मनापासून वाटू लागलं होतं, की हे सगळं आपण ठरवूनच केलं. नाहीतर प्रकाशचंदजींना पटलं असतं का?

निघायची वेळ झाली. मोटार सुरू झाली. पानबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या, आता कोरड्या साडीत. त्यांनी काच खाली केली आणि बोटाने लीलाधरभाऊंना जवळ बोलावलं. लीलाधरभाऊ पुढे झाले, आशीर्वाद घ्यायला वाकले. सगळे कौतुकाने बघत होते.

पानबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

“बेटा, मन लावून केलंस सगळं. आरती पण छान झाली, स्वागत पण छान झालं. धुळ्यात सांगेन मी सगळ्यांना.” मग त्यांनी लीलाधरभाऊंच्या कानाशी तोंड नेलं. ऐकू कमी येणारी माणसं कानात बोलतात तरी ते सगळ्या आवाराला ऐकू जातं. “पण आपण जैन माणसं आहोत ना रे. लग्नाच्या वेळी जरा पाणी गाळून सोड!”

लीलाधरभाऊंनी तोंड उघडलं. टाकी, नळ, लाल नळी, दातेरी चकती, सगळं जिभेवर आलं. पानबाई मायेने त्यांच्याकडे बघत होत्या. मागे शेठजी, शेठाणी, लोटन, जीवराम, अख्खी पंगत उत्तराची वाट बघत होती.

“हो माजीसा,” लीलाधरभाऊ म्हणाले. “दुहेरी फडक्याने गाळतो.”